निकाल ठाऊक असलेल्या लढाईचा थरार

फ्रेडरिक फोरसिथची 'द डे ऑफ द जॅकल' १९७१ साली प्रसिद्ध झाली तेव्हा तिचा शेवट वाचकाला आधीच ठाऊक होता. अल्जीरियाच्या युद्धातून उपजलेल्या कटाची ही गोष्ट. तिच्यातला भाडोत्री मारेकरी ज्यांच्यावर नेम धरायला निघतो ते फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष द गॉल आदल्या वर्षीच आपल्या घरी नैसर्गिक मृत्यूने वारले होते. म्हणजे नेम चुकणार हे पहिल्या पानापासून पक्के होते. तरी पुस्तक धडाक्यात खपले आणि जगभरच्या भाषांत गेले. दुसऱ्या महायुद्धावरच्या हेरकथांचे तर झाडून सगळे असेच आहे. हिटलर हरणार, चर्चिलला कोणी पळवून नेणार नाही, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचे सैन्य उतरणारच, हे शाळेच्या पुस्तकात वाचून झालेला माणूस जॅक हिगिन्स किंवा केन फॉलेट हातात घेतो आणि पहाटे तीनपर्यंत खाली ठेवत नाही. 'पुढे काय होणार' या उत्सुकतेवर रहस्यकथा चालते असे आपण सरसकट म्हणतो. ते इथे लागू पडत नाही. मग वाचक नेमका कशाला चिकटून बसतो? माझ्या मते तो बातमीला चिकटतो. कोणाला काय कळले, कधी कळले, कोणाकडून कळले आणि कोणापासून लपले, याचा पै-पैचा हिशेब ही कादंबरी त्याच्यापुढे मांडते. खऱ्या युद्धात हा हिशेब सामान्य माणसाला कधीच मिळत नाही, आणि ती भूक या साहित्यप्रकाराच्या मुळाशी आहे. हे म्हणणे लंडन-बर्लिनमध्ये तपासून पाहणारे पुष्कळ आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात ते तपासले तर जास्त खरे उत्तर हाती लागते, कारण इथे दीडशेहून अधिक वर्षांत बातमीवरून लढाया झाल्या आहेत आणि बातमीवरून माणसे मेली आहेत.

आधी युद्धकाळातला सामान्य माणूस पाहू. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरला प्रभातफेरीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा मारला गेला, खवळलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार केले आणि पुढचे तीन दिवस चिमुरात इंग्रज सरकार उरले नाही. लोकांनी पहिल्यांदा काय केले? रस्त्यावर झाडे पाडली, पूल निकामी केले. फौज यायला नको हे त्यामागचे उघड कारण. पण फौजेच्या आधी बातमी जाते, हेही त्यांना पुरते कळत होते. फौज आल्यावर चाक उलटे फिरले. गावात जे अत्याचार झाले त्यांची चौकशी व्हावी म्हणून गांधीजींचे सहकारी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपवास केला, आणि त्या उपवासाची बातमीच छापायला सरकारने मनाई केली. त्याच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशभरातल्या वृत्तपत्रांनी एक दिवसाचा बंद पाळला. म्हणजे चांदा जिल्ह्यातल्या माणसाला आपल्याच तालुक्यात काय घडले ते वर्तमानपत्रातून कळण्याची सोय नव्हती. ते ज्या मार्गाने बाहेर गेले तो मार्ग एखाद्या कादंबरीकाराला सुचावा असा आहे. मुंबईत बावीस वर्षांची उषा मेहता आणि तिचे साथीदार एक प्रक्षेपण यंत्र या घरातून त्या घरात हलवत 'काँग्रेस रेडिओ' चालवत होते. चिमूरची हकीकत तिथून देशाला ऐकू गेली. २७ ऑगस्टला सुरू झालेला तो आवाज १२ नोव्हेंबरला बंद पडला, आणि तोही पोलिसांच्या हुशारीने नव्हे. आतल्याच एका तंत्रज्ञाने ठिकाण सांगितले म्हणून.

या घटनेत हेरकथेचे सगळे साहित्य हजर आहे: लपवलेले यंत्र, बदलती घरे, वेळेशी झुंज आणि फितुरी. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऐकणारा. काळोख्या खोलीत रेडिओचा कान पिळणाऱ्या श्रोत्याला जे सुख मिळाले असेल तेच सुख हेरकथा वाचकाला देते. ज्याच्यापासून सगळे दडवले जाते तो माणूस काही तासांपुरता जाणत्यांच्या रांगेत जाऊन बसतो. हा साहित्यप्रकार युद्धांच्या आगेमागे का फोफावतो, याचाही उलगडा यातून होतो. जॉन बकनची 'द थर्टी-नाइन स्टेप्स' १९१५ ची, पहिले महायुद्ध ऐन भरात असतानाची. जेम्स बाँड १९५३ साली अवतरला तो शीतयुद्धाच्या आरंभी. मराठीत बाबूराव अर्नाळकरांचे झुंझार आणि काळापहाड वाचकांच्या डोक्यावर चढले ते विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे वारे अंगात असलेल्या पिढीला गुरुनाथ नाईकांनी कॅप्टन दीप दिला. त्याच सुमारास चांद्याजवळ भद्रावतीला, १९६२ च्या चीन युद्धानंतर, दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा राहिला. कुंपणापलीकडे युद्धाची तयारी चालू आहे आणि कुंपणाच्या अलीकडच्या माणसाला त्यातले अवाक्षर विचारता येत नाही, ही स्थिती त्या पिढीने रोज पाहिली. एस.टी. स्टँडवरच्या बुकस्टॉलवर कॅप्टन दीप घेणारा माणूस कुंपणाच्या अलीकडचाच होता.

बातमीला आणखी एक गुण आहे, आणि चांगला कादंबरीकार त्यावरच पोट भरतो: ती लहान असते. रणगाडा चालवायला, तोफ ओढायला माणसे लागतात. बातमी एका खिशात मावते. ३० एप्रिल १९४३ रोजी स्पेनच्या वेल्वा गावाजवळच्या समुद्रात कोळ्यांना एका ब्रिटिश अधिकाऱ्याचे प्रेत सापडले. नाव मेजर विल्यम मार्टिन. कोटाच्या पट्ट्याला साखळीने अडकवलेल्या बॅगेत दोस्तांचा पुढचा हल्ला ग्रीसवर होणार असे सुचवणारी पत्रे, आणि खिशात नाटकाच्या तिकिटांचे अर्धुके, 'पॅम' नावाच्या वाग्दत्त वधूची पत्रे, अंगठीच्या खरेदीची पावती, खात्यातून जास्त उचल झाल्याबद्दल बँकेचे तगाद्याचे पत्र. मेजर मार्टिन कधी जन्मालाच आला नव्हता. लंडनमध्ये विष पोटात जाऊन मेलेल्या एका बेवारस वेल्श माणसाला गणवेश चढवून ब्रिटिश गुप्तचरांनी पाणबुडीतून समुद्रात सोडले होते. जर्मन फसले, त्यांची कुमक ग्रीसकडे वळली, आणि १० जुलैला दोस्त सिसिलीत उतरले. या हकिकतीत वाचकाच्या मनात घर करतात ती बॅगेतली लष्करी पत्रे नव्हेत. घर करते ते बँकेचे तगाद्याचे पत्र. कारण तसे पत्र आपल्यालाही येते. लाखोंच्या सैन्याची दिशा एका उसनवारीच्या कागदाने बदलू शकते, ही कल्पना सामान्य माणसाला जेवढे मोठे करते तेवढे कुठलेही शौर्यगीत करत नाही. गंमत अशी की, ही युक्ती मुळात एका कादंबरीतून उचललेली होती. १९३९ च्या एका गुप्त टिपणात बेसिल टॉमसन या लेखकाच्या रहस्यकथेचा हवाला देऊन ती सुचवली होती, आणि ते टिपण बहुधा इयान फ्लेमिंगच्या हातचे होते. पुढे बाँड लिहिला तो हाच.

आता चांद्याकडे परत येऊ. १८५८ साली या जंगलात एक खरे युद्ध झाले, आणि त्याच्या केंद्रस्थानी तारेची लाईन होती. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी गोंड, माडिया आणि रोहिले जमवून सैन्य उभारले, राजगड परगणा ताब्यात घेतला, १३ मार्चला नांदगाव-घोसरीला इंग्रजांच्या तुकडीला पाणी पाजले. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना सामील होते. २९ एप्रिलच्या रात्री प्राणहिता नदीकाठी चिंचगुडी इथे टेलिग्राफ खात्याच्या छावणीवर त्यांच्या माणसांनी हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला आणि डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनला जाऊन मिळाला. हल्ल्यासाठी छावणी निवडली तार खात्याची, हे लक्षात घ्या. त्या काळी हिंदुस्थानाच्या विस्ताराच्या मानाने इंग्रजांकडे गोरे सोल्जर मूठभर होते. ज्या एका साधनाने ते मूठभर लोक हजार मैलांवर एकमेकांच्या कानाशी लागू शकत होते, ते साधन म्हणजे तार. पुढे क्रिक्टनने जंगलात फौज घालून बाबूरावांना पकडले नाही. त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यामार्फत पकडले. जंगलातल्या वाटा, नाती आणि आसरे ज्यांना ठाऊक होते त्यांच्याकडूनच माग काढला गेला. एकदा हाती येऊन सुटलेले बाबूराव सप्टेंबरात पुन्हा सापडले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. व्यंकटराव बस्तरमध्ये निसटले. १८६० मध्ये तेही धरले गेले. लक्ष्मीबाईंना जप्त केलेल्या मुलखातली गावे बक्षीस मिळाली.

सरकारी गॅझेटियरमध्ये ही सगळी हकीकत थोडक्यात उरकलेली आहे. तारखा आहेत, नावे आहेत, शिक्षा आहेत. नाही ती मधली साखळी. चिंचगुडीहून निघालेला पीटर कोणाच्या झोपडीत लपला, त्याला वाट कोणी दाखवली, बाबूराव अमुक ठिकाणी आहेत हे पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाले, आणि ते सांगणाऱ्याला धमकी होती की लोभ? लोकांच्या आठवणीने ही पोकळी आपल्या पद्धतीने भरून काढली. बाबूरावांच्या अंगी दैवी शक्ती होती, फाशीचा दोर पुन्हा पुन्हा तुटला, असे गोंड मुलखात सांगतात. फितुरीशिवाय असा माणूस हाती लागणे शक्यच नव्हते, असे त्या कथेचे म्हणणे आहे. कादंबरीकार याच पोकळीत काम करतो. फरक इतकाच की तो चमत्काराऐवजी कार्यकारणभाव वापरतो. शिवकाळातल्या बहिर्जी नाईकांचेही असेच झाले आहे. कागदोपत्री उल्लेख मोजके, पण मराठी कथा-कादंबऱ्यांत त्यांची वेषांतरे मोजता येणार नाहीत इतकी. हेर जितका चांगला, तितका त्याचा कागद कमी. आणि कागद जितका कमी, तितकी कादंबरीला जागा जास्त.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, एवढा खोल विचार वाचक करत नाही. त्याला मारामारी हवी असते, सुंदर बाई हवी असते, आपला देश जिंकलेला हवा असतो. यात तथ्य आहे, आणि आपल्या मराठी हेरकथांबद्दल तर बरेच आहे. हजार-हजार पुस्तके लिहिणाऱ्या अर्नाळकर-नाईकांच्या नायकाला संशय कधी शिवत नाही. त्याला बातमी मिळते ती मेहनतीने मिळत नाही, लेखकाच्या कृपेने मिळते. ज्या वेगाने ती पुस्तके निघत होती त्या वेगात दुसरे काही जमणेही अवघड होते, आणि त्यांनी मराठीत वाचणारा वर्ग तयार केला हे ऋण कोणी नाकारू नये. पण आक्षेप खरा असता तर मारामारी नसलेल्या हेरकथा मेल्या असत्या. तसे झाले नाही. सॉमरसेट मॉम पहिल्या महायुद्धात स्वित्झर्लंड आणि रशियात ब्रिटिशांसाठी हेरगिरी करून आला आणि १९२८ साली त्याने 'अॅशेंडन' लिहिले. त्यातला हेर बहुतेक वेळ वाट पाहण्यात आणि कंटाळण्यात घालवतो. जॉन ल कारेच्या १९६३ च्या कादंबरीत आपलीच बाजू आपल्याच माणसाचा बळी देते, आणि वाचक जिंकल्याचे समाधान न घेता पुस्तक मिटतो. ते ल कारेच्या सर्वात गाजलेल्या पुस्तकांपैकी एक आहे. मारामारी काढून घेतली तरी हेरकथा उरते. बातमीचा खेळ काढून घेतला तर उरते ती नुसती साहसकथा.

दुसरा आक्षेप इतिहासकारांचा. खऱ्या युद्धांत हेरांनी फारसे काही फिरवले नाही, दुसरे महायुद्ध ब्लेचली पार्कमध्ये सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या गणितज्ञांनी आणि रशियन पायदळाने जिंकले, असे ते म्हणतात. रिचर्ड सॉर्गचे उदाहरण त्यांच्या बाजूने नेहमी येते. टोकियोत जर्मन पत्रकार म्हणून वावरणाऱ्या या सोव्हिएत हेराने १९४१ मध्ये जर्मनी रशियावर हल्ला करणार असे कळवले. स्टालिनने ते धुडकावले, आणि जूनमध्ये हल्ला झाला. खरी बातमी मिळूनही काही उपयोग झाला नाही. पण त्याच सॉर्गने शरद ऋतूत जपान सैबेरियावर चालून येणार नाही असे कळवले, आणि त्या भरवशाचा मॉस्कोकडे फौज हलवण्याच्या निर्णयात वाटा होता. १९४४ मध्ये जपान्यांनी त्याला फासावर दिले. इतिहासकाराच्या वहीत ही एक बाद आणि एक जमा अशी नोंद होईल. कादंबरीच्या दृष्टीने मात्र पहिलीच नोंद जास्त मोलाची. बातमी मिळवणे एक, ती पोहोचवणे दुसरे, आणि ती ऐकणाऱ्याने खरी मानणे तिसरे. या तीन पायऱ्यांपैकी प्रत्येकीवर घसरायची सोय आहे. हेराने युद्ध फिरवले की नाही, हा हेरकथेचा प्रश्नच नाही. जाणणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, हा तिचा प्रश्न आहे. आणि हा अनुभव घ्यायला हेर असावे लागत नाही, तलाठी कार्यालयात एकदा जाऊन आले तरी पुरते.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि तो गडचिरोलीतून येतो. जिथे 'खबऱ्या' हा शब्द कोणाला चिकटला की त्याचा जीव जातो, तिथे हेरगिरीची करमणूक कशी करायची? १९८० पासून या जिल्ह्याच्या दक्षिण आणि पूर्व भागात चाललेल्या नक्षलवादी संघर्षात पोलीस मेले, नक्षलवाद्यांच्या दलममधले, म्हणजे सशस्त्र गटांतले, तरुण मेले आणि पोलिसांना खबर दिल्याच्या संशयावरून गावकरीही मेले. २२ एप्रिल २०१८ ला भामरागड तालुक्यात कसनासूर-बोरिया परिसरात पोलिसांच्या सी-६० या विशेष पथकाच्या जवानांनी मोठी चकमक केली. तिच्यात आणि लगोलग झालेल्या दुसऱ्या चकमकीत मिळून चाळीस नक्षलवादी ठार झाले. नऊ महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, कसनासूरच्याच तीन गावकऱ्यांचे मृतदेह रस्त्यावर टाकलेले मिळाले, आणि सोबत फलक होता: त्या चकमकीला हे जबाबदार. एवढ्यावर निकाल. पुरावा नाही, उलटतपासणी नाही, अपील नाही. रात्री 'दादालोक', म्हणजे नक्षलवादी, जेवण मागायला आले तर नाही म्हणता येत नाही, सकाळी पोलीस विचारायला आले तर गप्प राहता येत नाही, आणि दोन्हीकडचे डोळे आपल्या दारावर आहेत हे ठाऊक असते. अशा गावातल्या माणसाला कॅप्टन दीपची मौज वाटावी अशी अपेक्षा करणे बरे नव्हे.

तरी माझे म्हणणे या आक्षेपाने मोडत नाही. उलट त्याला धार येते. कादंबरी आणि कसनासूर यांत एकच फरक आहे, आणि तो सगळ्यात मोठा आहे. कादंबरीच्या शेवटी फितूर कोण होता हे वाचकाला नक्की कळते. रस्त्यावरच्या त्या मृतदेहांपाशी उभ्या राहिलेल्या कोणालाही ते कळत नाही. हेरकथा आपल्याला देते ती हीच खात्री, आणि बाहेर ती मिळत नाही म्हणूनच आपण तिच्यासाठी पैसे मोजतो. पण याच ठिकाणी या साहित्यप्रकाराला दोषही द्यायला हवा. शे-दोनशे हेरकथा वाचलेल्या माणसाला वाटू लागते की फितूर ओळखता येतो: त्याची नजर चोरटी असते, त्याच्याकडे अचानक पैसा येतो, तो प्रश्न जास्त विचारतो. हे ठोकताळे पुस्तकात निरुपद्रवी असतात. गावात तेच ठोकताळे लावले की नवी मोटारसायकल घेतलेला पोरगा संशयित होतो, आणि तालुक्याला कामासाठी दोनदा जाऊन आलेली बाईही. मॉम, ग्रॅहम ग्रीन, ल कारे यांच्यासारखे जे लेखक स्वतः गुप्तचर खात्यात राबून आले, त्यांच्या पुस्तकांत ही खात्री हटकून डळमळीत असते, हा योगायोग नाही. ज्यांनी ते काम केले त्यांना संशय किती सहज चुकतो हे माहीत होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. लढाई ओसरू लागली की कादंबऱ्या येतात, असा जगभरचा अनुभव आहे, आणि या जंगलावरही त्या येतीलच. चित्रपट आणि वेबमालिका तर आधी येतील. त्या कोणी लिहायच्या आणि कुठे बसून, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा. मुंबईत बसून लिहिलेल्या पटकथेत कमांडो नायक असेल, दलमचा कमांडर खलनायक असेल, आणि खबर देणारा गावकरी दुसऱ्या प्रसंगात मरण्यापुरता येईल. माडिया-गोंड समाजातून आणि झाडीपट्टीतून आज शिकून लिहू लागलेल्या तरुणांना म्हणून एक सांगणे आहे. हा विषय हातचा जाऊ देऊ नका. जवळचे दुखणे लगेच लिहवत नसेल तर १८५८ पासून सुरुवात करा. चिंचगुडीची छावणी, पळालेला पीटर, अहेरीचा वाडा, क्रिक्टनचा निरोप आणि बाबूराव कुठे आहेत हे ठाऊक असलेली निदान दहा-वीस माणसे, एवढा ऐवज तुमच्याच मुलखात पडून आहे. त्या दहा-वीसांपैकी कोण बोलले हे शेवटी वाचकाला सांगायचे की नाही, ते मात्र नीट विचार करून ठरवा.